पिवळीची पहिली फेरी

१८ एप्रिल, गुरुवार

व्हर्लिन मासा न्यायला आला. दारातच उभा राहिला, टोपी हातात घेऊन. इतक्या वर्षांचा शेजारी, पण टोपी काढून कधी आला नव्हता.

"घाई नाही, ऑरिन. पण फेरी चार मेला आहे. या वर्षी तुमच्या घरातून कोणी नाही, तर म्हटलं... भिंतीवर खिळा ठोकून ठेवलाय मी."

मासा लाकडी आहे. हातभर लांब, नाकाचा टवका उडालेला. स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो. मासेमारीचा हंगाम उघडायच्या आधीच्या शनिवारी, बाराची घंटा झाली की तळ्यावरच्या सगळ्या वॉटर स्कूटर एकदम पाण्यात उतरतात. त्याआधी एकीनेही पाण्याला शिवायचं नाही. भुर्ज बेटाच्या मागून पूर्ण फेरी मारून जो पहिला परत येईल त्याच्या घरी वर्षभर मासा. गेली सहा वर्षं आमच्याकडे आहे. म्हणजे माझ्या बायकोकडे, इर्याकडे. मी त्याच्यावरची धूळ पुसतो, एवढंच.

मी म्हणालो, चार तारखेला स्कूटर पाण्यात सोडायच्या उतारावर ये, तिथे बघू.

"तुमच्याकडून कोण उतरणार?"

"मी."

व्हर्लिन हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "तुला पोहता येत नाही," म्हणाला.

"माहीत आहे."

तो गेल्यावर बराच वेळ माशाकडे बघत बसलो. हे मी का बोललो कोण जाणे. पण बोललो.

१९ एप्रिल

शेडमध्ये गेलो. डिसेंबरनंतर पहिल्यांदा.

पिवळी, इर्याची वॉटर स्कूटर, तशीच आहे, ताडपत्रीखाली, आपल्या गाड्यावर. सप्टेंबरात इर्याने स्वतःच्या हातांनी तिला झोपवली होती. टाकी भरली, पेट्रोल टिकायचं औषध घातलं, इंजिनात तेलाचा फवारा मारला, पाइपांत न गोठणारं गुलाबी पाणी भरलं. मी खिडकीतून बघत होतो. दोरीच्या गाठी तिच्याच — डाव्या हाताच्या, उलट्या, कोणालाही न सुटणाऱ्या. चाकू खिशात होता. काढला नाही. नखं दुखली, पण सोडवल्या सगळ्या.

दफनभूमीवरून फोन आला. जमीन अजून दगडासारखी आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात फावडं चालेल म्हणाले. तोवर इर्या तिथल्या दगडी खोलीत. इथे हिवाळ्यात गेलेल्या सगळ्यांचं असंच असतं, त्यात वेगळं काही नाही. पण फोन ठेवल्यावर पुन्हा शेडमध्ये जाऊन उगाच पिवळीची सीट पुसली.

२० एप्रिल

बॅटरी काढून चार्जरला लावली. लाल दिवा.

२२ एप्रिल, सोमवार

हिरवा दिवा.

एवढ्याशा गोष्टीने माणूस किती खूश होतो.

२३ एप्रिल

गावात जाऊन प्लग, इंजिन ऑइल, ग्रीस, हातमोजे आणि माझ्या मापाचं लाइफ जॅकेट आणलं. इर्याचं मला होत नाही, घालून बघितलं — छातीवर पट्टे पोचत नाहीत.

जॅकेटचं लेबल तसंच ठेवलंय. नाही बसलं तर परत देता येतं. तीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं, परत आलेला माल लेबलाशिवाय मी कधी घेतला नाही. माझ्या शर्टांना, बुटांना, एकदा तर चष्म्याला महिना महिना लेबलं लटकत असायची. इर्या वैतागायची. "काप रे ते, ऑरिन. आता आपलंच आहे." शेवटी स्वयंपाकघरातली कात्री घेऊन मागून यायची.

दुकानात आर्डन भेटला. गळाला लावायच्या आमिषाचं दुकान त्याचं, आणि फेरीच्या दिवशी पंचही तोच. माझ्या हातातले प्लग बघून म्हणाला, "ऐकलं ते खरं म्हणायचं."

"खरं."

"नियम माहीत आहे ना? फेरीआधी एकाने दुसऱ्याच्या मशीनला हात लावायचा नाही. सल्लासुद्धा नाही. पानासुद्धा उसना द्यायचा नाही."

"मागितला का मी?"

"नाही बाबा," म्हणाला. "तू कधीच काही मागत नाहीस." आणि जरा जास्तच जोरात पाठीवर थाप मारली.

२५ एप्रिल, गुरुवार

आज चालू करून बघितली.

क्रम मला पाठ आहे. आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलटं केलं की पाणी इंजिनात शिरतं आणि सगळं संपतं. दर वसंतात पिवळी शेडसमोर काढली की पाइप जोडून इर्या सीटवर बसायची आणि मी नळापाशी उभा. ती इंजिन चालू करून ओरडायची, "पाणी!" मी नळ सोडायचो. पूर्ण वर्षात पिवळीसाठी मी एवढंच काम करायचो.

चावीची दोरी मनगटाला अडकवली. बटण दाबलं. इंजिनाने घेतलं — खरंच घेतलं. खोकल्यासारखा आवाज झाला, पांढरा धूर आला. मी नळाकडे धावलो. नळाला हात लावेपर्यंत इंजिन बंद.

पुन्हा केलं. घेतलं, गुदमरलं, बंद. तिसऱ्यांदाही तेच.

तळ्याच्या खाडीपलीकडून व्हर्लिनचा आवाज आला. पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो. "ऑरिन, इंजिन होतं की तू खोकलास?"

"व्हर्लिन, गप बस आणि आत ये," हा लाव्होनचा आवाज. त्याची बायको.

२६ एप्रिल

प्लग बदलले. जुने काळे, तेलकट होते, म्हणजे तेच कारण असणार. नव्यांनी चालू केलं.

घेतलं. गुदमरलं. बंद.

२७ एप्रिल, शनिवार

पिवळीला हात लावला नाही. त्याऐवजी काठावरचा लाकडी धक्का पाण्यात ढकलला. चाकांवरचा आहे, एकट्याने होतं. टोकाची फळी मात्र कमरेएवढ्या पाण्यात उतरून बसवावी लागते, ती इर्या बसवायची. या वर्षी टोकाशिवायच राहील.

उलट्या बादलीवर बसून कॉफी प्यालो. धक्क्यावर बसायला काही नाही. चार उन्हाळ्यांपूर्वी दोन घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, हिरव्या, चांगल्या मजबूत. आठवड्याच्या आत वारा सुटला आणि दोन्ही गायब. "उडाल्या," इर्या म्हणाली. "परत आणू नकोस, परत उडतील." मला दुकानात जाऊन भांडायचं होतं, की एवढ्याशा वाऱ्याला टिकत नाहीत त्या कसल्या खुर्च्या. तिने जाऊ दिलं नाही.

पाण्याकडे बघत बसलो. मला तळ्याची भीती वाटते असं नाही. चाळीस हिवाळे मी याच तळ्यावर चालतोय, मधोमध भोक पाडून मासे धरतोय. पाणी घट्ट असतं तेव्हा आमचं चांगलं जमतं.

२८ एप्रिल, रविवार

चर्चनंतर लाव्होन मांस-भाजी भाजून केलेल्या हॉटडिशचं भांडं घेऊन आली. वर बटाट्याच्या गोळ्या, नेहमीसारख्या जरा जास्त भाजलेल्या. इर्याचे कपडे तिला चर्चच्या विक्रीसाठी द्यायचे आहेत, ते लावायला बसलो दोघं. लाव्होन बोलत होती, मी घड्या घालत होतो. इर्या आणि ती शाळेपासूनच्या मैत्रिणी. कपडे ती लावेल असं मी म्हणालो होतो, पण ती म्हणाली, नाही, तू पण बस.

मोज्यांच्या खणात एक लाल लोकरी मोजा सापडला. इर्याने स्वतः विणलेला. एकच.

"दुसरा कुठंय?" लाव्होन म्हणाली.

मी म्हणालो, मलाही सापडत नाहीये, बघितला मी.

लाव्होनने माझ्याकडे बघितलं. मग खिडकीतून शेडकडे. मग पुन्हा माझ्याकडे. "या हिवाळ्यात आमच्याकडे उंदीर फार झाले," म्हणाली.

"हो?"

"फार. कुठे कुठे शिरतात. भोक दिसलं की घरटं. इर्याला उंदरांचा किती राग होता, आठवतं ना? काय काय करायची ती उंदरांसाठी."

"पिंजरे आहेत माझ्याकडे," मी म्हणालो. "हवे तर ने."

लाव्होनने कपाळाला हात लावला. "मी तुला काहीही सांगत नाहीये, ऑरिन. नियम आहे. मी फक्त उंदरांबद्दल बोलतेय."

ती गेल्यावर शेडमध्ये चार पिंजरे लावले. चीज घालून.

२९ एप्रिल

पिंजरे रिकामे. उंदीर नाहीत.

उंदीर का नाहीत?

(हे दुपारी लिहितोय.) हॉटडिश गरम करत होतो आणि तिथेच थांबलो. शेडमध्ये उंदीर नाहीत कारण त्यांना शिरायला भोक नाही. भोक नाही कारण इर्या सगळी भोकं बुजवते. लाल मोजा एकच आहे.

गॅस बंद केला आणि पळत गेलो. या वयात. पिवळीच्या मागे गुडघ्यांवर बसून, धूर बाहेर पडतो त्या नळकांड्यात टॉर्च मारला. आत खोलवर, लाल.

माशाच्या घशातून गळ काढायचा लांब चिमटा आणला. तो मी आयुष्यभर वापरलाय, त्याने काहीही निघतं. मोजा निघाला — ओला, तेलकट, टाचेला काजळी. इंजिनाला बिचाऱ्याला श्वासच सोडता येत नव्हता. ती दर वसंतात तो काढत असणार, झटकून पायात घालत असणार, आणि मला कधी दिसलं नाही. मी नळापाशी असायचो.

पाइप जोडला. चावी लावली. बटण दाबलं.

पिवळी ओरडली. खाडीभर आवाज गेला. निळा, जाड धूर, आणि मग स्वच्छ, एकसारखा, गोड आवाज.

"पाणी!" मी ओरडलो.

मग उतरलो आणि नळ सोडायला गेलो. मागून गुलाबी पाणी वाहायला लागलं, मग पांढरं, मग नितळ. आधी पाणी बंद केलं, मग इंजिन. सगळं बरोबर.

पलीकडच्या धक्क्यावर लाव्होन उभी होती. दोन्ही हात वर करून. व्हर्लिन तिच्या शेजारी, हात खिशात. तेवढ्या अंतरावरूनही त्याचा चेहरा दिसला.

मोजे धुतले. एक लाल, एक आता तपकिरी. जोडी आहे.

३० एप्रिल

तेल बदललं. ग्रीस लावलं. पंपाच्या जाळीत अडकलेली गेल्या वर्षीची वाळकी पानं काढली. तळाची दोन बुचं शोधायला लागलीच नाहीत — इर्याने ती हिवाळाभर चावीच्या दोरीलाच बांधून ठेवलेली होती. बुचं न लावता पाण्यात उतरलेली स्कूटर तळाशी जाते. त्यांची आणि चावीची गाठ बांधली की विसरणं शक्यच नाही. चावी धरली की बुचं हातात.

१ मे

फेरीआधी पाण्यात उतरायचं नाही, मग शिकणार कुठे? शेडमध्ये, गाड्यावरच, सीटवर बसून सराव केला. डावीकडे झुकायचं, उजवीकडे झुकायचं. पिवळीसोबत आलेल्या पुस्तकात लिहिलंय, वळताना वेग सोडायचा नाही, नाहीतर वळतच नाही. हे डोक्यात बसायला वेळ लागला. औषधांच्या दुकानात काहीही चुकतंय असं वाटलं की हात थांबवायचा. इथे उलट.

डोळे मिटून उजवीकडे झुकलो होतो तेव्हा व्हर्लिन दारात आला.

"वेग किती आहे?" म्हणाला.

"बेटामागे पोचलो," मी म्हणालो.

आता हसला. बरं वाटलं. मग जाता जाता म्हणाला, "ऑरिन, पाणी अजून बर्फासारखं आहे. पडलास तर..."

"बर्फावर घालतो तो नारिंगी सूट घालणार आहे. तो तरंगतो."

"भोपळ्यासारखा दिसशील."

"तरंगणारा भोपळा."

३ मे, शुक्रवार

सगळं तयार. भूक नाही.

४ मे

लिहितो सगळं.

उतारावर सगळं गाव. आर्डनची नाव पाण्यात, सोबतीला. तळ्याभोवतीच्या प्रत्येक धक्क्यावर माणसं, हातात पातेली, तवे, डाव. वर्षातला पहिला इंजिनाचा आवाज जवळ आला की ती वाजवायची, ही इथली पद्धत. यंदा दोनच स्कूटर — व्हर्लिनची काळी आणि पिवळी.

गाडा पाण्यापर्यंत मागे नेला. चावी काढली, बुचं हातात आली, बसवली, आवळली. दोनदा बघितलं. नारिंगी सूट, वर लाइफ जॅकेट. सहज व्हर्लिनच्या ट्रककडे नजर गेली. मागच्या फळीवर त्याचा कॉफीचा पेला, आणि पेल्याशेजारी दोन काळी बुचं.

सल्ला द्यायचा नाही, हा नियम. पण हा सल्ला नाही.

"व्हर्लिन, तुझी बुचं."

तो मोठ्याने हसला. "आर्डन, ऐकलंस? इर्या दर वर्षी हेच ओरडायची. एकदा मी खरंच खाली उतरून बघत बसलो, तोवर ही बाई बेटापाशी."

"व्हर्लिन, खरंच. ट्रकवर आहेत."

"नवऱ्याला पण शिकवून गेली," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "बरं केलं शिकवून." डोळे पुसले त्याने. हसून पाणी आलं होतं की काय, माहीत नाही. वळून मागे बघितलं मात्र नाही.

घंटा झाली.

काळी निघाली, पाण्याची भिंत उडवत. मी बटण दाबलं. पिवळी लगेच बोलली. माझ्याखाली पाणी होतं — हलणारं, काळं, आरपार थंड. उतारावरून कोणीतरी ओरडलं, "बस, ऑरिन, ताठ बस!" मी वेग अगदी थोडा ठेवला. बदकं मला मागे टाकून गेली, हे खरं आहे. आर्डनची नाव मागून येत होती, अंतर ठेवून. सोबत म्हणून नाही, मला उचलायला.

पहिल्या धक्क्यावर पातेली वाजली. दुसऱ्यावर वाजली. माणसं माझं नाव घेत नव्हती. "पिवळी आली," म्हणत होती. हाताची पकड जरा सैल झाली. वळण आलं. वेग सोडावासा वाटला. सोडला नाही. झुकलो. वळली!

बेटाच्या टोकापाशी व्हर्लिन उभा दिसला. म्हणजे थांबला होता. काळीचं इंजिन घरघरत होतं आणि तिचा मागचा भाग पाण्यात गेला होता. मी पोचलो तोवर सीटवर पाणी. व्हर्लिन सीटवर उभा, गुडघ्यापर्यंत ओला.

"बुचं?" मी म्हणालो.

"बुचं."

आर्डनने दोर फेकला. व्हर्लिनने पकडला.

"तू थांबला का होतास?" मी विचारलं. धावत राहिला असता तर आत आलेलं पाणी मागून निघून गेलं असतं, हे मलासुद्धा पुस्तकातून कळलंय. थांबला म्हणून बुडाला.

"इंजिन गार करत होतो," म्हणाला. बर्फ वितळून दोन आठवडे झालेल्या पाण्यात इंजिन गार करत होता. माझी वाट बघत होता तो. मी कुठे पडलोय का बघायला. "आता बघत काय बसलास? जा! मी काळीला ओढून नेतो. जा, ऑरिन!"

गेलो.

बेटामागे एकटाच होतो. तिथे कुठलाही धक्का दिसत नाही, आणि कुठल्याही धक्क्यावरून ती बाजू दिसत नाही. दर उन्हाळ्यात इर्याच्या पिवळीचा आवाज तिथे गेला की बंद व्हायचा, आणि मी आमच्या धक्क्यावर श्वास रोखून उभा असायचो, तो पुन्हा सुरू होईपर्यंत. गवत अडकतं रे जाळीत, सांगायची.

थोडा वेळ थांबलो तिथे. मग निघालो.

बेटाला वळसा घातल्यावर सरळ पाणी लागतं, उतारापर्यंत. इथे मी जे केलं ते मी केलं यावर उद्या माझाच विश्वास बसणार नाही. वेगाचा खटका पूर्ण दाबला. पिवळी उचलली गेली. पाण्यावर नव्हतीच. तोंडावर वारा, थेंब सुईसारखे, आणि मी ओरडत होतो. शब्द नव्हते. दोन्ही काठांवर पातेली, तवे, डबे, आणि चर्चची घंटा कोणीतरी विनाकारण बडवत होतं. मी सहासष्ट वर्षांचा आहे. असा आवाज माझ्या तोंडून कधी आला नव्हता.

उतारावर पोचलो. लाव्होनने हात धरून उतरवलं. व्हर्लिन घोंगडीत गुंडाळून आर्डनच्या नावेतून पोचलाच होता, ओठ निळे. त्याने भर लोकांत माझा हात वर केला. "आणि मी याला पोहता येत नाही म्हणून रडत होतो," म्हणाला. "बुडालो मी."

"तुझं लेबल फडफडतंय, ऑरिन," लाव्होन म्हणाली. खरंच, जॅकेटचं लेबल मानेपाशी होतं. पूर्ण फेरीभर. मग हळूच, "बेटामागे इतका वेळ काय करत होतास?"

"गवत अडकलं जाळीत."

"मेच्या सुरुवातीला? गवत जुलैत येतं." तिने लेबल जॅकेटच्या आत खोचलं. "इर्या पण हेच सांगायची."

५ मे

अंग सगळं दुखतंय. मासा पुसला. जागेवर ठेवला.

६ मे

व्हर्लिन खिळा घेऊन आला. भिंतीतून उपटून आणलेला, वाकडा. "जपून ठेव. पुढच्या वर्षी न्यायला येईन." आणि पानाही आणला, फेरी झाली म्हणून. दोघांनी मिळून धक्क्याची टोकाची फळी बसवली. पाण्यात तो उतरला. मी पण उतरलो, कमरेपर्यंत.

९ मे, गुरुवार

जमीन मऊ झाली. आज इर्याला ठेवलं.

ऊन होतं, वारा नव्हता. पास्टरबाईंनी वाचलं, थोडक्यात. व्हर्लिन, आर्डन, मी आणि तिघे चर्चमधले, सहा जणांनी उचललं. सगळं शांत झालं. आमच्यात कोणी मोठ्याने रडत नाही. पुढे काय करायचं कोणाला कळेना, कोणी जायलाही निघेना.

तेव्हा लाव्होनने पिशवीतून पातेलं काढलं. आणि डाव. एकदाच वाजवलं, माझ्याकडे बघत, विचारल्यासारखं.

मी मान हलवली.

मग बघितलं तर अर्ध्या लोकांनी आणलेली होती. कोटांखाली, पिशव्यांत. आर्डनने तवा काढला. पास्टरबाईंकडे झाकणं होती, दोन! दफनभूमीवर एवढा आवाज यापूर्वी झाला नसेल. पलीकडच्या शेतातल्या गाई कुंपणापाशी येऊन बघायला लागल्या. मी हसलो. इर्याला आवडलं असतं असं लिहिणार होतो, पण ते सगळेच म्हणत होते. मला आवडलं.

१० मे

बेटामागे पुन्हा गेलो. चार तारखेला तिथे भुर्जाच्या झाडाला बांधलेली निळी ताडपत्री दिसली होती, डाव्या हाताच्या उलट्या गाठींची. त्या दिवशी सोडवली नाही. आज सोडवली.

आत माझ्या दोन हिरव्या खुर्च्या. एकीची सीट झिजलेली, खोलगट, उन्हाने उडालेली. दुसरी कोरी, लेबलासकट.

सपाट खडकावर दोन्ही मांडल्या, शेजारी शेजारी. कात्री नव्हती. लेबल दातांनी तोडलं आणि बसलो.